हयातीचा दाखला

नोव्हेंबर म्हणजे आमच्या बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. सातारा जिल्ह्यात फौजी पेन्शनर उदंड. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी आम्हीच जातो. त्या दिवशीचं शेवटचं घर आबांचं, अपशिंगे मिलिटरी या गावात होतं. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांचा स्तंभ पाहून पुढे निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

सुनेनं तांब्या-भांडं पुढे केलं. घाईत मी "नको" म्हणाले, तसा आबांचा चेहरा उतरला.

"घोटभर तरी घे, पोरी. पान्याला न्हाय म्हनू नगं."

मशीन त्यांचा अंगठा घेईना. शेतातल्या कामानं बोटं गुळगुळीत झालेली. मी पुसून पुन्हा पुन्हा लावत होते, आणि आबा बोलू लागले.

१९७१ चं बांगलादेश युद्ध, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. आबा पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत. शरण या, अशी चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियरांनी पाठवली होती. पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत धाडली. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी सैनिक आपला वेढा फोडून निसटायला निघाले आणि थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आले.

"फायरिंग थांबलं, आन् म्होरच्या खाचरात एक जन 'पानी, पानी' कराया लागला. पन्नास पावलांवर. माज्या बाटलीत पानी हुतं. पर हुकूम हुता, खंदक सोडायचा न्हाय. मी उठलो आसतो तर जागा कळली आसती, शेजारची पोरं मेली आसती. न्हाय गेलो. उजाडंस्तवर ऐकत बसलो."

सकाळी तो जिवंत होता. हवालदारानं आधी झडती घ्यायला लावली. कमरेला ग्रेनेड निघाला. जखम मांडीला होती. पोटात असती तर पाणीही देता आलं नसतं. आबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोटघोट पाजलं. मग स्ट्रेचरवाल्यांनी त्याला उचलून नेलं.

जखमी शत्रूची देखभाल करायची हे १९४९ च्या जिनिव्हा करारातच आहे, तुम्ही नियमानंच वागलात, असं मी म्हणाले. समजूत घालायलाच.

"सकाळचं सोड. त्या रातीचं कुटं लिवलंय?"

मला विचाराल तर आबा त्या रात्री बरोबर वागले. माझा भाऊ शेजारच्या खंदकात असता तर मी हेच मागितलं असतं. पण हे त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. चोपन्न वर्षं तो आवाज त्यांनी ऐकलाय, मी नाही.

शेवटी मोबाइलवर चेहरा घेतला. पापण्या मिटून उघडायच्या असतात. आबांनी मिटल्या आणि बराच वेळ उघडल्याच नाहीत. दुसऱ्या खेपेला दाखला झाला.

"त्येच्या घरी बी येत आसंल का गं कुनी, दाखल्याला?"

मला उत्तर देता आलं नाही. भांड्यातलं सगळं पाणी प्यायले आणि बॅग उचलली.