हस्त लागला की बागेचं वर्ष सुरू

सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो. तिकडे घरी भोंडल्याचे दिवस येतात आणि इथे पश्चिम लंडनमधल्या आमच्या पार्कात स्वयंसेवकांच्या कामाला जोर चढतो. फिरायला येणारे म्हणतात, "झालं, बाग आता संपली." मला हे मुळीच पटत नाही. जमिनीत उन्हाळ्याची ऊब असते आणि वरून पाऊस सुरू झालेला असतो. मुळं धरायला इथे याहून चांगले दिवस नाहीत. शेतकरी जशी मृगाची वाट बघतो, तशी मी या दिवसांची बघते.

आधी लॉन. उन्हाळाभर त्यावर फुटबॉल, सहली, बाबागाड्या. माती इतकी दबते की पाणी वरच साचतं. गवताच्या बुडाशी वाळक्या काड्यांचा आणि शेवाळाचा थर जमतो, तो दाताळ्याने ओढून काढायचा. मग बागकामाचा फोर्क दहा सेंटीमीटर खोल खुपसत जायचं, साधारण तेवढंच अंतर सोडून. त्या भोकांत रेती, माती आणि चाळलेलं कंपोस्ट झाडूने लोटायचं. टक्कल पडलेल्या जागी बी. खतात नत्र कमीच हवं, नाहीतर ऐन थंडीच्या तोंडावर कोवळी पाती फुटतात आणि बुरशी धरतात.

माझा जीव मात्र फुलझाडांच्या पट्ट्यात. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात ग्रेट ब्रॉड वॉक नावाच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना २०१६ साली असे पट्टे खुले झाले. ३२० मीटरचा रस्ता आणि जवळपास तीस हजार रोपं! मी तिथे पुन्हा पुन्हा जाते. तीच झाडं ठरावीक अंतराने परत भेटतात, म्हणून एवढ्या गर्दीतही नजर गोंधळत नाही. आमच्या छोट्या पट्ट्यात नेपेटा, जिरेनियम, रुडबेकिया तशीच लावतोय, तीन-तीन, पाच-पाचच्या घोळक्यांत. कुंडीत होती तेवढ्याच खोलीवर, आणि पाऊस असला तरी लावल्यावर भरपूर पाणी. जुने गड्डे फार पसरले असतील तर उकरून, फोडून, बाहेरच्या जोमदार फुटव्यांची रोपं करायची.

वाळलेली बोंडं मी फेब्रुवारीपर्यंत छाटू देत नाही. गोल्डफिंच पक्षी हिवाळ्यात त्यातलं बी टिपतात, आणि पोकळ देठांत किडे थंडी काढतात. मिसकँथससारख्या शोभेच्या गवतांचे गड्डे मात्र आत्ता फोडायचे नाहीत. गार, ओल्या मातीत फोडलेला गड्डा कुजतो. ते काम एप्रिलमध्ये.