शिरोलीतलं क्यूसी : एक व्हेसल पास करून घेताना

डिप्लोमा मेकॅनिकल झाल्यावर शिरोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे तपासणी) म्हणून लागलो. कोल्हापुरात फाउंड्रीचं नाव मोठं, त्यामुळं वर्गातली बरीच पोरं कास्टिंगकडं गेली. माझ्या वाट्याला प्लेट आणि वेल्डिंग आलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या सहीनं गेलेला पहिला जॉब म्हणजे एका साखर कारखान्याचा व्हेसल, म्हणजे दाब सोसणारी बंद टाकी. गळीत हंगाम तोंडावर, त्यात पाऊस. घाई किती असेल ते सांगायला नको.

क्यूसी म्हणजे वेल्ड झाल्यावर गेज घेऊन खोड्या काढणारा माणूस, असं शॉपमध्येही कित्येकांना वाटतं. खरं काम कटिंगच्या आधीच सुरू होतं. आयएस २०६२ या भारतीय मानकाची स्टील प्लेट आली की तिच्यावरचा हीट नंबर (पोलाद ज्या घाण्यात वितळलं त्याचा क्रमांक) मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवायचा आणि गॅस कटर लावण्याआधी तो प्रत्येक तुकड्यावर पंच करून घ्यायचा. नंतर म्हणाल तर सगळे तुकडे सारखेच दिसतात.

माझं पहिलं भांडण यावरनंच झालं. नोझलच्या, म्हणजे टाकीला पाइप जोडायच्या तोंडाच्या, आरएफ पॅडसाठी (तिथं बळकटीला लावायच्या जादा प्लेटसाठी) फिटरनं ढिगातला एक तुकडा काढून आखायला घेतला. जाडी बरोबर, नंबर कुठंच नाही. सुपरवायझर म्हणाले, "अहो, आपलीच प्लेट हाय ती. माझ्या डोळ्यांदेखत कापलीय." असेलही. मी म्हटलं, "मग सॅम्पल लॅबला पाठवू, केमिकल आणि टेन्साइल करून घेऊ." तेवढा वेळ कुणाला होता? मुकाट्यानं नंबरवाल्या प्लेटमधनं नवा पॅड कापला गेला. त्यानंतर बरेच दिवस साहेब माझ्यासोबत चहाला आले नाहीत.

फिट-अपला, म्हणजे वेल्डिंगआधी तुकडे जुळवताना, रूट गॅप (दोन कडांमधली फट) आणि शेलची (टाकीच्या अंगाची) गोलाई बघितली, त्यात फार काही निघालं नाही. लक्ष ठेवावं लागलं ते वेल्डिंगच्या रॉडवर. ७०१८ रॉड ओव्हनमधनं काढून तसाच उघडा ठेवला की पावसाळी हवेत ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये उतरला की पुढं क्रॅक. आमचे वेल्डर मामा जुने, हात सोन्याचा, पण रॉडचं पाकीट खुर्चीवर पसरून बसायची सवय. त्यांना पोर्टेबल ओव्हन शेजारीच आणून दिला, वाद संपला.

नोझलच्या वेल्डला डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट होती, वरची बारीक भेग रंगानं दाखवणारी. लाल डाय लावून दहा मिनिटं सोडायचा, मग पुसायचा. इथं एक गोष्ट नवीन पोरं हमखास चुकतात : क्लीनर थेट जॉबवर फवारतात. त्यानं भेगेतला डायही धुऊन निघतो आणि खराब वेल्ड पास होतो. क्लीनर कापडावर घेऊनच पुसायचं. पांढरा डेव्हलपर मारला आणि जिथं बीड (वेल्डची ओळ) संपली होती तिथं हळूहळू एक बारीक लाल रेघ उमटली. क्रेटर क्रॅक. मामांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "गडबडीत आर्क तोडला की असंच हुतंय." त्यांनीच ग्राइंडर मागितला. क्रॅक पूर्ण निघाला का ते परत डीपी करून बघितलं, मग वेल्ड, मग पुन्हा डीपी.

थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या संस्थेचे, इन्स्पेक्टर आले ते थेट फाइलवर बसले. वेल्डर क्वालिफिकेशन, प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन, सगळं बघून झाल्यावर टॉर्च घेऊन जॉबकडं गेले आणि नेमका आरएफ पॅडवरचा पंच वाचला. सर्टिफिकेटमध्ये नंबर सापडल्यावर काही बोलले नाहीत. सुपरवायझर मागंच उभे होते, तेही बोलले नाहीत.

हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, सरळ झाली. वरचा व्हेंट उघडा ठेवून हवा पूर्ण काढली आणि ड्रॉइंगप्रमाणं डिझाइन प्रेशरच्या दीडपट दाब धरला. काटा हलला नाही. मालकांना टेस्टच्या आधीच प्रायमर मारून वेळ वाचवायचा होता, पण रंगाखाली बारीक लीक झाकला जातो म्हणून मी अडवलं होतं. त्यामुळं रिलीज नोट (जॉब पास झाल्याचा कागद) हातात आणि रंग बाकी अशी गत. ट्रेलर गेटवर, ड्रायव्हरचा हॉर्न चालू, आणि दमट हवेत प्रायमर काही लवकर सुकेना. डीएफटीचं (सुकलेल्या रंगाच्या जाडीचं) रीडिंग मिळेपर्यंत जॉब हलवू दिला नाही.