साचेखात्यातला आवाज

परवा दुपारी ऑफिसात आईशी फोनवर बोलत होतो तर शेजारच्या टेबलावरच्याने हातानेच खूण केली, आवाज कमी कर. भांडत नव्हतो हो, फणसाबद्दल चाललं होतं. आमच्याकडे सगळेच असे बोलतात, कुणी हळू बोललं की त्याला बरं नाहीये असं समजायचं.

हे आजोबांकडून आलंय. ते लालबागला कापडगिरणीत, साचेखात्यात. साचे म्हणजे कापड विणायचे माग. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, आधी बदलीवर, म्हणजे कुणी आला नाही तर त्याच्या जागी, मग परमनंट. गाळ्यात गाववाल्यांसोबत राहायचं, पाळीवरून एक आला की दुसऱ्याने पथारी सोडायची, जेवण खानावळीत, आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर. तिच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायच्या. आजीने ती चिटोरी जपून ठेवलीयत, मी वाचलीयत, सगळीकडे म्हशीची चौकशी, आजीची एकदाही नाही!

शेकडो साचे एकदम धडधडत असताना कोण कुणाचं ऐकणार, त्यामुळे ते ओठ बघून बोलणं ओळखायचे. पुढे खोली झाली, आजी आली, तरी ती सवय गेली नाही. आम्ही पोरं पाठीमागे काहीही बोललो तरी पत्ता नसायचा, पण समोरच्या चाळीच्या गॅलरीत दोन बायका काय बोलतायत ते इथे बसल्या बसल्या सांगायचे.

त्यांच्याकडे एक जुना धोटा होता, मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. आत सुताची कांडी घालायची आणि बाजूच्या बारीक भोकाला तोंड लावून दोरा बाहेर ओढायचा, दिवसभर हेच, दोऱ्याबरोबर कापसाचा बुराही आत. मीपण ओढून बघितला, नुसता तेलकट वास आला. आजोबा एवढे हसले की ठसका लागला, आणि तो बराच वेळ थांबेचना.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्यावर आजोबा फार बोलायचे नाहीत. संप कधी संपला विचारलं तर म्हणायचे, "संपला कुठे?" आणि खरंच, तो रीतसर मागे कधी घेतलाच नाही. नंतर ते एका सोसायटीत वॉचमन झाले.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी फॉर्म भरलाय, वारस म्हणून बाबांचं नाव. नंबर लागला तर राहायला कोण जाणार, असं आईला विचारलं. म्हणाली, आधी लागू तर दे.