गर्डरला डंपर धडकला की

सावली, हालोल, मकरपुऱ्याहून ट्रान्सफॉर्मर घेऊन निघालेले लांबलचक ट्रेलर सहसा पुलाला अडत नाहीत. त्यांचा रस्ता आधीच मोजलेला असतो. बडोद्याजवळच्या 48 नंबरच्या हायवेवर खरी भीती हौदा वर ठेवूनच सुटलेल्या डंपरची, आणि बूम (पुढचा लांब हात) पुरती खाली न घेता ट्रेलरवर चढवलेल्या पोकलेनची. पुलाखाली 5.5 मीटर मोकळे हवेत. पण उंचीचा बोर्ड एकदाच लागतो, डांबर मात्र चढत राहतं. जुना थर न खरवडता 40 मिमीचे दोन थर टाकले की 8 सेंटिमीटर गेले.

गाडी येते त्या बाजूचा पहिला गर्डर (पूल पेलणारी लांब तुळई) सगळ्यात जास्त मार खातो. खालचा फ्लँज, म्हणजे गर्डरचा रुंद तळ, फुटलेला लगेच दिसतो आणि सगळे त्याचेच फोटो काढतात. वेबमधल्या (गर्डरच्या उभ्या भागातल्या) तिरक्या भेगा, गर्डरांना जोडणाऱ्या आडव्या क्रॉस गर्डरचे सांधे, बेअरिंगवरून (गर्डर टेकतो त्या गादीवरून) सरकलेलं टोक यांच्याकडे कुणी बघत नाही. आधी त्या गर्डरवरची लेन बंद करायची, मग हातोडीने ठोकत पोकळ आवाज शोधायचा. सुटलेलं काँक्रीट छोट्या चिपरने काढायचं. मोठा ब्रेकर लावला तर शाबूत स्ट्रँडही (काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी केबल) जखमी होतात.

आता मुख्य अडचण. प्रीस्ट्रेस गर्डरचं खालचं काँक्रीट केबलने दाबून धरलेलं असतं. नव्या ठिगळात तो दाब नसतो. म्हणून नुसता मसाला भरला तर वरून वाहनं जाऊ लागताच ठिगळ ताणलं जातं आणि कडेने भेग पडते. उपाय असा: डेकवर, म्हणजे पुलावरच्या रस्त्यावर, भरलेले ट्रक उभे करायचे, गर्डर किंचित वाकू द्यायचा, त्याच स्थितीत मायक्रोकाँक्रीट (बारीक कणांचा ओतायचा मसाला) भरायचं आणि ते पुरेसं कडक झाल्यावर ट्रक काढायचे. गर्डर वर येतो आणि ठिगळ दाबलं जातं. ट्रकचं वजन डिझायनरने काढून द्यावं. स्ट्रँड तुटलेले असतील तर अंदाजाने एकही ट्रक चढवू नये. आणि या वेळी गर्डरखाली टेकू ठेवले, तर गर्डर वाकणारच नाही!

मजबुतीसाठी गर्डरला चिकटवतात त्या कार्बन फायबरच्या पट्टीबद्दल एक गैरसमज आहे. नुसती चिकटवलेली पट्टी हरवलेला दाब परत आणत नाही, गर्डर आणखी वाकला तरच ती भार घेते. बरेच स्ट्रँड गेले असतील तर बाहेरून केबल ताणणं किंवा गर्डर बदलणं, एवढंच उरतं.

भरण्यापूर्वी ठिगळाची कड कटरने 10 मिमी खोल सरळ कापावी. पातळ होत गेलेली कड हमखास सुटते. सळ्या घासून झिंक प्रायमर लावावा. शटरिंग घट्ट हवं, आणि मसाला एकाच बाजूने ओतावा, म्हणजे हवा अडकत नाही. पोत्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. मे महिन्यात मसाला लवकर घट्ट होतो म्हणून मजूर अर्धा लिटर जास्त घालतात, आणि मग तो आकसतो. त्यापेक्षा थंड पाणी वापरावं आणि काम पहाटे काढावं.

हाइट गेज (उंच गाडी अडवणारी आडवी कमान) पुलाच्या तोंडाशी लावून उपयोग नाही. ताशी 60 किलोमीटरने डंपर सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जातो. गेज 20 मीटरवर असेल तर ब्रेकवर पाय जाईपर्यंत गर्डर आलेला असतो. गाडी दुसरीकडे वळवता येईल अशा शेवटच्या फाट्याच्या अलीकडे ते हवं.