बटणामागचं बटण

कुठल्याही घरात एक तरी बटण असं असतंच, की ते कशाचं हे कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या दिवाणखान्यातल्या बोर्डावर डावीकडून तिसरं तसं होतं. लावलं तर काही लागत नसे, बंद केलं तर काही जात नसे. तरी येणारा प्रत्येक पाहुणा ट्यूब लावायला उठला की आधी नेमकं तेच दाबायचा. मग पंखा सुरू व्हायचा, मग बाल्कनीतला दिवा, आणि तोवर स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडायचं, "खालच्या ओळीतलं शेवटचं!" घरची माणसं मात्र काळोखात, दोन्ही हातांत चहाचे कप असले तरी कोपराने बरोबर बटण दाबतात. बोर्डाचा नकाशा बोटांना पाठ असतो. ट्यूबचं बटण कितवं, असं कुणी विचारलं तर मला हवेत हात फिरवून बघावं लागतं.

म्हणून भिंतीतली बटणं काढून तिथे काचेचं टचवालं पॅनेल बसवायला माझा पहिल्यापासून विरोध. दिसतं झकास, पण रात्री चाचपडून ते सापडत नाही आणि कणकेचा हात लागला की त्याला काय करावं ते कळत नाही. स्मार्ट बल्ब आणून पाहिला, तर तो वेगळाच नाजूक. भिंतीवरचं बटण सतत चालू ठेवाल तरच तो फोनचं ऐकणार. बटण बंद केलं की मेला. आमच्या घरात त्याचा निभाव लागणं शक्यच नव्हतं, कारण आमच्या घरात अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कुणीही खोलीतून बाहेर पडलं की मागोमाग जाऊन ते दिवा, पंखा, टीव्हीचा प्लग असं सगळं बंद करून येतात. तुम्ही पाणी प्यायला उठला असाल आणि लगेच परत येणार असाल, तरी बंद. "या खोलीत कोण राहतंय? भूत?" हे त्यांचं पालुपद. असल्या माणसासमोर सतत चालू ठेवायचं बटण म्हणजे आव्हानच.

त्यावर उतारा म्हणजे रिले. काडेपेटीएवढी डबी, बोर्डाच्या आत, बटणाच्या पाठीमागे बसते. बाहेरून काहीच बदलत नाही. बटण तेच, त्याच्याभोवतीचा बोटांचा मळकट डागही तोच. आता बटण डबीला सांगतं आणि डबी दिव्याला, एवढाच फरक. फोनवरूनही डबीलाच सांगायचं. ती दोघांचंही ऐकते; शेवटी जो बोलला त्याचं खरं.

बसवण्याआधी मी एक डबी उघडून पाहिली. एका बाजूला वायफायची चिप, दुसऱ्या बाजूला निळा चौकोनी ठोकळा. खरा रिले तो ठोकळा. त्यात बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चिपने त्यात पाच व्होल्ट सोडले की वेटोळ्याचा लोहचुंबक होतो, तो एक पातळ पट्टी ओढून घेतो, पट्टी समोरच्या टोकाला टेकते आणि २३० व्होल्टला वाट मिळते. टेकताना आवाज होतो, टक्. पाच व्होल्ट काढून घेतले की स्प्रिंग पट्टीला मागे खेचते, पुन्हा टक्. चिप नाजूक, घरातली वीज दांडगी. दोघींची गाठ पडू न देता एकीने दुसरीला हुकूम द्यायचा, त्यासाठी मधे हा चुंबक.

आणि वय म्हणाल, तर या युक्तीला दोनशे वर्षं होत आली. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५च्या सुमारास ती केली आणि पुढे तारयंत्राने ती उचलली. मैलोगणिक तारेतून येताना प्रवाह क्षीण व्हायचा; पण त्या क्षीण प्रवाहानेही चुंबकाची पट्टी हलायची, आणि ती हलली की पुढच्या तारेत ताज्या बॅटरीचा दणदणीत प्रवाह सुटायचा. निरोप असा ठेच न लागता पुढे जायचा. आपल्याकडे तार २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली. 'तार आली' म्हटलं की घरातल्या बायका मजकूर वाचायच्या आधीच डोळ्यांना पदर लावायच्या. त्याच तारेतला हा मुलूखगिरी केलेला ऐवज आता माझ्या बाल्कनीतला नऊ वॅटचा दिवा लावतो.

बसवायला मात्र वायरमनकाकांनाच बोलावलं. 'दहा मिनिटांत स्वतः बसवा' छापाचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण त्यांतले बरेच परदेशातले आणि त्यांतल्या भिंती आपल्या नव्हेत. तिकडे दिव्याच्या बटणामागे पुष्कळदा न्यूट्रल, म्हणजे डबीला स्वतःला चालायला लागणारी विजेच्या परतीची वायर, आलेलीच नसते, म्हणून अर्धा व्हिडिओ न्यूट्रलच्या नावाने गळा काढण्यात जातो. आपल्याकडे बटणांच्या शेजारी त्याच बोर्डावर सहसा एक प्लग असतो, त्यामुळे न्यूट्रल घरचीच. आपल्या बोर्डाचे पेच निराळे असतात, आणि ते काकांनी दाखवले.

अण्णांनी मेन स्विच पाडला आणि "चला, करा सुरू" म्हणून खुर्ची ओढून बसले. काकांनी स्क्रू ढिला करण्याआधी टेस्टर टेकवला. एका बटणावर टेस्टर गप्प. शेजारच्या बटणावर टेकवला, तर आत नारिंगी ठिपका पेटला.

"ही इन्व्हर्टरची, अण्णा. मेन पाडलं तरी ही जिवंतच असते. इथेच लोक शॉक खातात."

लोडशेडिंगच्या वर्षांनी घरोघरी ही भेट मागे ठेवली आहे: एकाच प्लेटीमागे दोन घरची वीज. इन्व्हर्टर बंद झाला, त्याचीही वायर तपासली, मग प्लेट निघाली. आत एक लाल वायर एका बटणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी उड्या मारत गेलेली. हिला लूप म्हणतात. आमच्या डबीला बटणाकडून वीज नको होती, नुसता होकार-नकार हवा होता. म्हणून ते एक बटण लूपमधून सोडवायचं आणि पुढच्यांची साखळी तुटू नये म्हणून वायरला वळसा द्यायचा. या उस्तवारीत तिसऱ्या बटणाचं रहस्यही उलगडलं. लूप त्याच्यात येत होती, पुढे जात होती, पण त्याच्यातून दिव्याकडे जाणारी वायरच नव्हती. प्लेटीला भोक होतं म्हणून बिल्डरने बटण बसवलेलं. इतकी वर्षं पाहुणे दाबत होते ते शुद्ध बटण होतं.

जोडणी झाली, आणि मग खरा प्रश्न आला जागेचा. भिंतीतल्या लोखंडी खोक्याची खोली ती केवढी. त्यात आधीच वायरींची गर्दी, प्लगचा ढेरपोट्या मागचा भाग, आणि आता ही डबी. वडापच्या जीपमध्ये शेवटचा उतारू कोंबतात तशी काकांनी ती आत सारली, वर प्लेट दाबून धरली आणि चारी स्क्रू एकेक फेरा देत आवळले. खोकं लोखंडाचं असल्याने वायफाय आत पोचेल का ही मला धास्ती होती. प्लेट प्लास्टिकची म्हणून समोरून पोचतं.

गिझरला मात्र काकांनी हात लावू दिला नाही. मी डबीवर छापलेलं '१० अँपिअर' त्यांना दाखवलं. दोन हजार वॅटचा गिझर, २३०ने भागला तर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. बसतंय की हिशोबात!

"कागदावर बसतंय, ताई. रोज काठोकाठ भरलेला लोड उचलून एक दिवस पॉइंट चिकटतो. मग फोन म्हणणार बंद, आणि गिझर आपला चालूच."

पट्टीचं टोक ठिणगीने जागच्या जागी डकतं, असा त्याचा अर्थ. गिझरला वेगळा दणकट कॉन्टॅक्टर, म्हणजे रिलेचाच थोरला भाऊ, लागतो, आणि तो बसवेपर्यंत अण्णांचं "गिझर बंद केला का?" हेच बरं. अण्णांना ही बाजू पटली. त्यांनी एकच विचारलं, "ही डबी स्वतः किती खाते?" मी म्हटलं, समजा वॅटभर खाते. त्यांनी तिथल्या तिथे गणित केलं: वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे पावणेनऊ युनिट. "काही न करता?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऐकत राहणं हेही काम असतं, हे अण्णांसारख्या माणसाला पटवणं अवघड.

बाल्कनीतला दिवा आता सूर्यास्ताला लागतो. वेळ द्यावी लागत नाही. गाव सांगितलं की झालं. पुण्यात नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातपर्यंत रेंगाळतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला येतो, पण सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी. भूगोलाच्या तासाला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तिन्हीसांजेला घरातला पहिला दिवा लागला की हात जोडायची सवय आहे. आता भिंतीतून टक् आवाज येतो आणि त्या जिथे असतील तिथून, भाजी चिरता चिरता, सुरी खाली ठेवून हात जोडतात. दिवा लावला कुणी याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

याच आवाजाने एकदा मध्यरात्री घर उठवलं. संध्याकाळपासून गेलेली वीज तीनच्या सुमाराला आली, आणि कारखान्यातून डबीला शिकवून पाठवलं होतं की वीज आली की दिवा लावायचा. दिवाणखाना, बाल्कनी, पॅसेज, सगळं लखलखलं. 'वीज परत आल्यावर काय करायचं' ही ॲपमधली ओळ मी तेव्हापासून सगळ्यांना आवर्जून सांगते. तिथे 'आधी होतं तसं' निवडायचं.

बाकी ॲप या प्रकाराशी माझं फारसं सूत नाही. बटणाचा एक मोठेपणा आपल्या लक्षातच येत नाही: ते सगळ्यांचं असतं. खुर्चीवर चढलेलं पोर, कामाला येणाऱ्या मावशी, मुक्कामाला आलेला लांबचा चुलता, ज्याचा हात पोचेल त्याने लावावं. ॲप एकाच्या नावावर असतं. तो मालक आणि बाकीचं घर 'सदस्य'. तेही त्याने आमंत्रण धाडलं तर! माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हौसेने सगळी बटणं काढली आहेत. तिचा नवरा दौऱ्यावर गेला की ती त्याला फोन करते, "अहो, बेडरूमचा पंखा एकने कमी करा ना." शिवाय काही डब्यांचा निरोप दिवाणखान्यातून निघून कुठल्या तरी परदेशी सर्व्हरला शिवून परत दिवाणखान्यात येतो, म्हणजे नेट गेलं की समोरचा दिवाही परदेशी. डबी घेताना ती घरातल्या घरात बोलते का, एवढं आधी विचारावं. आणि ॲपमध्ये नोंद असते. बाथरूमचा दिवा रात्री एक चाळीसला लागला आणि सकाळी सहा दहापर्यंत चालू होता. एकत्र कुटुंबात भांडण लावायला एवढा कागद पुरे आहे. नोंद मी बंद करून टाकली.

हे सगळं मी बारामतीकडच्या मामेभावाला कौतुकाने सांगत होते. तो ऐकत ऐकत हसायला लागला. त्याच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाइलवाला स्टार्टर कितीतरी वर्षांपासून आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' गावोगावच्या मोटारींवर पोचलं तेव्हा 'स्मार्ट होम' हे शब्द आपल्या घरात यायचे होते. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी ऐन रात्री. रात्रीच्या पाळीला उठून, बॅटरी घेऊन, ओल्या बांधावरून विहिरीपर्यंत जायचं, वाटेत साप-विंचू. त्याऐवजी अंथरुणातून फोन करायचा, फेज आहे का ऐकायचं आणि मोटार चालू. आत यंत्र तेच, टक् आवाज करणारं, त्याच्यापुढे मोटारीला पेलेल असा दांडगा स्टार्टर.

"आन् तुजं बटण किती लांब हाय गं?" त्याने विचारलं.

"चार पावलं."

"मग त्येवढं चालायला काय झालं?"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी विषय बदलून उसाकडे नेला.

गणपतीच्या आधी अण्णांनी स्वतःहून फोन पुढे केला. "ते तुमचं यात घालून द्या. बघू तरी." मी त्यांना रीतसर सदस्य केलं, अक्षरं मोठी करून दिली. ते आणि आई गणपतीला देवरुखला गेले. त्या संध्याकाळी मी बाल्कनीत पुस्तक घेऊन बसले होते, तेवढ्यात टक्. अंधार. पाठोपाठ फोन.

"बाल्कनीतला दिवा उगीच चालू होता. बंद केलाय."

"अण्णा, मी बाल्कनीतच बसलेय."

"अरे! मला काय दिसतंय इथून. बरं, बरं."

मी उठून भिंतीवरचं बटण दाबलं, दिवा लागला. दोन पानं वाचून होतात न होतात तोच पुन्हा टक्. पुन्हा उठले, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा दिवा गेला नाही. आईंनी आरतीसाठी त्यांच्या हातात टाळ दिले असावेत.