नात्याचा रकाना

मागच्या माघात आम्ही दोघी वाईला दोन रात्री राहून आलो. मी आणि ती. तिचं नाव इथे लिहीत नाही. कराडला तिच्या माहेरी आमच्याबद्दल फक्त भावाला माहीत आहे, आणि तेवढ्यानेसुद्धा चार वर्षं अबोला झाला. माझी आजी जन्मभर आजोबांना ‘हे’ म्हणाली. मी ‘ती’ म्हणते. वाचताना त्या शब्दाला तेवढंच वजन द्यावं.

आम्ही सांगलीत हरिपूर रस्त्याला राहतो, अकरा वर्षं झाली. मी स्थापत्य अभियंता आहे, ती शाळेत गणित शिकवते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. धोक्याची पातळी 45 फूट. पाणी ओसरल्यावर भिंतीवरची गाळाची रेघ खरवडताना ती म्हणाली होती, “ही नदी येते तरी कुठून, एकदा वर जाऊन बघू या.” ते ‘एकदा’ यायला इतकी वर्षं लागली.

पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलं की पुढचा सगळा रस्ता म्हणजे कृष्णेच्या उलट जाणं. कराडला मी प्रीतिसंगमावर गाडी थांबवली. ती उतरली नाही. ओळखीचं कुणी भेटेल, ही भीती तिच्या गावात तिला अजून आहे. मी एकटीच यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी जाऊन उभी राहिले. कोयना आणि कृष्णा इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात. नद्या अशा सहसा भेटत नाहीत; एक आडवी येते, दुसरीत शिरते. इथे दोघी बरोबरीने येतात. दोन्ही बायका, आणि त्या जागेला लोकांनी नाव दिलं प्रीतिसंगम. गाडीत येऊन हे तिला सांगितलं तर म्हणाली, “मी लहानपणापासून बघतेय ते. तुला आज दिसलं.”

पाचवड फाट्याला महामार्ग सोडून वाईत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. लॉजवर दोन आधार कार्डं पुढे केली. मॅनेजर भला माणूस, वयस्कर. आडनावं वेगळी बघून म्हणाला, “बहिणी का?” आणि आम्ही काही बोलायच्या आत जाड रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाव, येण्याचं कारण, सोबत कोण, नाते. पहिले चार रकाने भरले. पाचव्याशी माझं पेन थांबलं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. मी ‘मैत्रीण’ लिहिलं. तो म्हणाला, “बेड दोन वेगळे आहेत, पण जोडून घेतले तरी चालतील, थंडी आहे.” दोन बायकांना आपल्याकडे खोली मिळते, हे खरं आहे. दोन पुरुषांनाही मिळते. वाईच्या रस्त्यावर आम्ही दोन दिवस हातात हात घालून हिंडलो, कुणी वळून पाहिलं नाही. बाहेरून आलेल्या आमच्या एका ओळखीच्या जोडप्याला याचं फार अप्रूप वाटलं होतं. मला त्याचं सुख होतं आणि आतून काही खुपतही होतं. कारण लोक बघत नाहीत ते आम्हाला मान्य केलंय म्हणून नव्हे. त्यांना तिथे काही दिसतच नाही.

त्या रकान्याचा राग मला आधीचा आहे. दोन वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. संमतीपत्रावर सही कोण करणार, रुग्णाशी नाते काय? मी जे सांगितलं ते खिडकीमागच्या माणसाने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, “रक्ताचं कुणी नाही का?” शेवटी कराडच्या भावाला फोन केला. तो आला. चार वर्षांनी बहिणीला पाहिलं ते स्ट्रेचरवर. सही करून माझ्याकडे न बघता बाकावर बसून राहिला. रात्री मात्र चहा आणला तो दोन कप. त्याच्याविषयी मी वाईट लिहिणार नाही. पण तिच्या औषधांच्या वेळा, तिला कशाची ॲलर्जी आहे, भूल उतरताना ती कशी घाबरते, हे सगळं मला माहीत होतं आणि सही त्याची चालत होती.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून आम्हाला मोकळं केलं. त्या दिवशी तिने स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि पगारवाढीचे म्हणून सांगितलं. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं. ते काम संसदेचं, असं म्हणाले. त्या रात्री आमच्या घरी स्वयंपाक झाला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थमंत्रालयाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना बँकेत जॉइंट खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. आम्ही खातं काढलं. नॉमिनीच्या फॉर्मवरही तो रकाना होताच.

तर वाई.

संध्याकाळी ढोल्या गणपतीला गेलो. देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. मूर्ती एकाच पाषाणातली, इतकी थोरली की गाभाऱ्यात मान वर करावी लागते. पण मला ओढ होती देवळाच्या पाठीची. दर्शन झाल्यावर तिला हाताला धरून मागे नेलं. देऊळ अगदी नदीच्या काठावर, जवळजवळ पात्रातच म्हणावं असं आहे, आणि मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार. पूर आला की पाणी भिंतीवर थडकत नाही. टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. पुलाच्या खांबांना आम्ही पाण्याच्या बाजूने टोक काढतो ते याचसाठी. सपाट भिंतीवर वाहत्या पाण्याचा सगळा जोर येतो. टोक असलं की तोच जोर बगलेला वळतो. अडीचशेहून जास्त पावसाळे या भिंतीने असे वळवले आहेत. ती हात दगडावर ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे पाण्याशी भांडायचं नाही आणि जागाही सोडायची नाही.” मला वाटतं आमची अकरा वर्षं अशीच गेली. आम्ही कुणाच्या अंगावर गेलो नाही आणि घर सोडून कुठे निघूनही गेलो नाही.

शेजारी काशी विश्वेश्वराचं देऊळ. तिथला नंदी काळ्या दगडाचा, इतका गुळगुळीत की संध्याकाळचा उजेड त्याच्या पाठीवरून घरंगळतो. गळ्यातल्या माळांचा एकेक मणी कोरलेला. वाईला एक घाट नाही, सात आहेत, आळीआळीचे: गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, धर्मपुरी, भीमकुंड. अंधार पडेपर्यंत आम्ही जमतील तेवढे पायी फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापुरीत गेलो. मराठी विश्वकोशाचं काम इथून चालतं. माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी विश्वकोशाचे खंड एकेक करून जमवले होते. शाळेत असताना स्वतःसाठी शब्द शोधत मी ते खंड घरात कुणी नसताना चाळायचे. त्या वयात मला जो शब्द हवा होता तो अशा ग्रंथात नसतोच. तो घरात बोलला जाताना ऐकू यावा लागतो. आमच्या घरात तो कुणी बोललं नाही. पुढे कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या झेरॉक्स कागदांत मुंबईच्या एका गटाचं नाव वाचलं: स्त्री संगम. 1995 मध्ये बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांनी सुरू केलेला. मी हरिपूरची. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या संगमावर पोहायला शिकलेली. त्या दोन शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला होता.

विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले, वेदशास्त्र कोळून प्यालेले. महात्मा गांधींचा मुलगा देवदास आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचं एकमेकांवर प्रेम होतं. मुलगा वैश्य, मुलगी ब्राह्मण. शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम, म्हणजे मुलगी वरच्या वर्णाची. ते अनुलोमाहूनही, म्हणजे मुलगा वरच्या वर्णाचा असण्याहूनही, निषिद्ध. दोन्ही बापांनी त्यांना काही वर्षं थांबायला लावलं. ती दोघं थांबली. 1933 मध्ये पुण्यात लग्न झालं तेव्हा पौरोहित्य केलं लक्ष्मणशास्त्रींनी. मी हे प्राज्ञपाठशाळेच्या रस्त्यावर उभी राहून तिला सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता, कारण मला ही गोष्ट फार जवळची आहे. ज्या माणसाला निषेधाची वचनं सगळ्यांत जास्त पाठ होती, तोच माणूस मंत्र म्हणायला बसला. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “आपल्याला किती थांबायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही उसाचा रस प्यायलो.

दुपारी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे घाट, मेणवलेश्वराचं देऊळ. ऊन कडक होतं, वाडा आम्ही भराभर पाहिला. घाटावर दगडी घुमटीत टांगलेल्या घंटेशी मात्र ती खिळून राहिली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. अंगावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. शंकराच्या देवळापुढे मेरी टांगलेली आहे आणि गावच्या बायका तिच्याखाली बसून शेंगा सोलत होत्या.

रात्री कृष्णाबाईचा उत्सव. माघापासून पुढे वाईच्या घाटाघाटावर पाळीपाळीने हा उत्सव होतो. शिवाजी महाराजांवर अफजलखान चालून आला तेव्हा महाराजांसाठी कृष्णामाईला नवस बोलला गेला होता, तो असा फेडतात, असं सांगतात. घाटावर मांडव, मांडवात कृष्णाबाईची मूर्ती, बायकांची ही गर्दी. कोपऱ्यात एका नवीन लग्नाच्या मुलीला घेरून “नाव घे, नाव घे” चाललं होतं आणि ती पदरात तोंड लपवत होती.

आम्ही रांगेत उभ्या राहिलो. रांगेच्या टोकाला एक आजी हळदीकुंकू लावून प्रसादाची पुडी देत होती. आमच्या पुढे सासूसून होत्या. सुनेने दुसऱ्या पुडीसाठी हात पुढे केला तर आजी म्हणाली, “घराला एक.” मग आमच्याकडे बघून, “कुठनं आलाय पोरींनो?”

“सांगलीहून.”

“भनी व्हय?”

“नाही.”

“मग जावा-जावा?”

माझ्या तोंडात ‘मैत्रिणी’ आलंच होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “नाही आजी. ही माझ्या घरची.”

घरची. आमच्याकडे बायको नवऱ्याबद्दल सांगते, ‘आमच्या घरचे आलेत’. अकरा वर्षांत हा शब्द तिने चारचौघांत कधी वापरला नव्हता. आजीने माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मागच्या बायका ढकलत होत्या. आजीने करंडीत बोट बुडवून आधी मला कुंकू लावलं, मग तिला. आजीला काय उमगलं ते मी सांगू शकत नाही. पुडी मात्र तिने एकच दिली.

सकाळी सहाला आम्ही घाटावर आलो. धुकं होतं, पाणी दिसण्याआधी ऐकू येत होतं. खालच्या पायरीवर एक बाई धुणं आपटत होती, बाकी कुणी नाही. पुडी सोडली. साखरफुटाणे, खोबऱ्याचा तुकडा, थोडा अंगारा. खोबरं तिने दातांनी तोडून अर्धं मला दिलं. मी म्हणाले, “नाव घे.”

“वेडी आहेस का.”

“कोण ऐकतंय? घे.”

तिने पाण्याकडे पाहिलं. गणितं सोडवताना पुटपुटते तशी पुटपुटली. मग धुणंवाल्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“धोमाचं पाणी वाईवरून सांगलीला जातं,
……चं नाव घेतलं की घर जवळ येतं.”

मोकळ्या जागेत माझं नाव होतं, आडनावासकट. धुणं थांबलं. बाईने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि ओरडली, “पायरीला शेवाळ हाय गं, उतरताना हात धरा एकमेकींचा.”