भुसावळ-जळगाव गाडीतला अभ्यास

वयाच्या ३९व्या वर्षी मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ला प्रवेश घेतला, तेव्हा रोज रात्री दोन तास अभ्यास करायचा असे ठरवले होते. परंतु जळगावची नोकरी, परतीची गाडी, भाकरी-भाजी आणि मुलाचा गृहपाठ उरकेपर्यंत दहा वाजत आणि पुस्तक उघडताच डोळे मिटू लागत. मुळात दिवसभर दमलेल्या जिवाकडून ती अपेक्षा करणेच चुकीचे होते, असे मला आता वाटते.

आज सकाळी भुसावळला खिडकीजवळ जागा मिळाली आणि मोबाईलवर २५ मिनिटांचा गजर लावून मी घसाऱ्याचे, म्हणजे वापरामुळे यंत्राच्या किमतीत दरवर्षी होणाऱ्या घटीचे, एकच उदाहरण सोडवायला घेतले. (गजर लावून अभ्यास करण्याची ही पद्धत फ्रान्सेस्को सिरिलो यांनी विद्यार्थिदशेत, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ वापरून बसवली.) यंत्राची किंमत ५०,००० रुपये, ऱ्हासमान शेष पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, घसारा दहा टक्के; भादली स्टेशन मागे पडले तेव्हा तिसऱ्या वर्षाचा घसारा ४,०५० रुपये आला आणि उत्तर पुस्तकाशी जुळले. महिनाभर अडलेले उदाहरण सुटल्याचा आनंद दिवसभर पुरला.

आता रात्री अभ्यासाला बसत नाही; फक्त उद्याच्या उदाहरणावर खूण करून वही डब्याशेजारी पिशवीत ठेवते.